कोळसेवालीच्या आईस

धावडदरी
१२ नोव्हेंबर

विहीणबाई द्वारकाबाई यांना आवडाबाईचा नमस्कार.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण दिवाळीपासून माझ्या मेसेजला एकच टिक येते आणि तुमचा तो वेरूळच्या पायऱ्यांवरचा फोटो दिसेनासा झाला, एवढं मला समजतं. अंगणवाडीत जन्म गेला माझा, शेवटी शेवटी बाळांची वजनं मोबाइलमध्येच भरत होते. म्हणून आता पत्र. पत्र ब्लॉक होत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच.

भाऊबीजेला राजनंदिनी तुमच्याकडे पुंडलिकनगरला आली, तिच्या नखांत काळं दिसलं, आणि तुम्ही मला फोन करून म्हणालात, "पोरीला एम.एस्सी. केलं ते कोळसा पाडायला? तुम्ही माझ्या लेकीला कोळसेवाली करून टाकलं." एवढं बोललात आणि फोन ठेवलात. मला उत्तर द्यायचं होतं. ते तेव्हापासून पोटात तसंच आहे, आणि असं काही पोटात असलं की मला जेवण जात नाही.

तर ऐका. मी तुमच्या लेकीला काहीही केलेलं नाही. तीच आम्हाला कामाला लावतेय. तिची संस्था इथल्या जमीनवाल्यांना एक गोष्ट शिकवते. रानातलं, बांधावरचं जे लाकूड आपण दरवर्षी नुसतं पेटवून देतो, ते अशा पद्धतीनं जाळायचं की त्याची राख न होता कोळसा होईल, आणि तो कोळसा चुलीत न घालता मातीत घालायचा. त्याला बायोचार म्हणतात. त्यानं माती पाणी धरून ठेवते, खत वाहून जात नाही, आणि एकदा घातलेला कोळसा नातवंडांच्या काळापर्यंत मातीत राहतो. चांगलं झाड तोडायचं नाही, वनखात्याच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. घ्यायचं ते वेड्या बाभळीचं, घाणेरीचं आणि वाळून पडलेल्या फांद्यांचं लाकूड. बघा, सगळं पाठ आहे मला.

आता वेड्या बाभळी सगळ्यात जास्त कुठं आहेत? तुमच्या माळावर. तुम्ही ह्याच गावच्या, एकुलत्या एक, वडिलांनी सहा एकर माळ तुमच्या नावावर केला आणि तुम्ही लग्न होऊन शहरात गेलात. आमच्या शिवाराच्या मधोमध तो तसाच पडलाय. काट्यामुळे आत शेळीसुद्धा शिरत नाही.

राजनंदिनी बैठक घेते तेव्हा आमचे कडुबाभाऊ पहिल्या रांगेत बसतात. वीस एकरांचे मालक, आणि ते मान हलवत नाहीत तोवर गावात कुणी मान हलवत नाही. परवा म्हणाले, "पोरी, तुझ्या आईचा माळ समोर पडलाय. ती देईना, तर आम्ही काहून लाकूड द्यायचं? आन् तुझ्या नावावर गुंठा तरी हाय का? आम्हाला जमीन शिकवायली!" सगळे हसले. तीही हसली. पण घरी आल्यावर तिनं भाकरी अर्धीच खाल्ली.

संस्थेनं सांगून ठेवलंय. उन्हाळा लागायच्या आत गावातले जमीनवाले तयार झाले तर तिचं हे केंद्र इथं राहील, नाहीतर दुसऱ्या तालुक्यात जाईल. मग ती तुम्ही शोधून ठेवलेल्या पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला जाईल, तिच्यामागे माझा सत्यम जाईल, आणि मी आणि आमचे हे एकमेकांची तोंडं बघत बसू. तुम्ही ह्यांना ओळखता. पुंजाराम हा माणूस पूर्ण दिवसात चार वाक्यं बोलला तर मी घड्याळ बघते.

मला मुलगी नाही, द्वारकाबाई. सून आली तेव्हा वाटलं होतं, शहरातली आहे, खोलीचं दार लावून बसेल. ही पोरगी माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसते आणि मोठमोठ्यानं हसते. तेवढ्यासाठी मला तुमचा माळ पाहिजे. म्हणजे माळ नको, नुसतं वरचं लाकूड. सरळ मागतेय.

उत्तराची वाट बघते.

तुमची विहीण,
आवडाबाई


२ डिसेंबर

द्वारकाबाई,

आधीचं पत्र पोस्टानं गेलं, ते पोचलं की नाही कळलं नाही, म्हणून हे सत्यमच्या हाती देतेय. शेंद्र्याला कंपनीतून सुटला की तो वाट वाकडी करून तुमच्याकडे येईल.

(हे नंतर लिहितेय. सत्यम परत आला, पाकीट त्याच्या हाती द्यायचंच मी विसरले होते, म्हणून त्यानं ते नेलंच नव्हतं. पण तो बातमी घेऊन आला. म्हणाला, "आई, त्यांनी मला पोहे दिले, चहा दिला. तुझं पहिलं पत्र फ्रिजवर ठेवलंय." जावयाला पोहे आणि माझ्या पत्राला फ्रिज! असो. पोचलं तर खरं.)

ह्या वेळी माझी एक फजिती सांगते, तुम्हाला बरं वाटेल. दिवाळीच्या आधी राजनंदिनीनं संस्थेच्या शेडमध्ये पहिला कोळसा पाडला. मी दोन टोपल्या उचलल्या, बारीक कुटल्या आणि विहिरीकडच्या माझ्या मेथीच्या वाफ्यात घातल्या. मला वाटलं, सगळ्यांच्या आधी आपली मेथी दाखवू. आठवड्यात मेथी पिवळी पडली. अशी पिवळी की हेसुद्धा न विचारता एक वाक्य बोलले. "मेली."

राजनंदिनी वाफ्यापाशी बसली, माती बोटांनी चोळली आणि म्हणाली, "आई, कोरा कोळसा उपाशी असतो. मातीत गेला की तिथलंच खातो. त्याला आधी खाऊ घालायचं, मग मातीत." मग तिनं पिंपात शेणकाला केला, गोमूत्र, गुळाचं पाणी, शिळं ताक घातलं आणि त्यात कोळसा भिजत टाकला. म्हणाली, दोनतीन आठवडे तसाच राहू दे.

मी म्हटलं, "अगं, मग सरळ मुरवायचं म्हण ना."

ती माझ्याकडे बघतच राहिली आणि खळखळून हसली. आता बैठकीत बायका असल्या की ती तेच सांगते. फोडी कापल्या म्हणजे लोणचं झालं नाही, मुरलं की झालं. बायकांना पटकन कळतं. पुरुष विचारतात, तेल किती घालायचं. खरंच विचारलं एकानं.

तुमच्या हातचं लिंबाचं लोणचं मी खाल्लंय लग्नात. तुम्हाला हे मी सांगायला नको.

वाफ्यात पुन्हा मेथी टाकलीय. एका बाजूला मुरवलेला कोळसा, दुसरी बाजू नुसती माती. बघू.

आवडाबाई


५ जानेवारी

द्वारकाबाई,

काल आमच्याकडे प्रात्यक्षिक झालं. पुण्याहून संस्थेचे साहेब आले होते, फोटो काढायला माणूस होता, गावातले बरेच जमीनवाले आले होते. कडुबाभाऊ इस्त्रीचा सदरा घालून.

आधी पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जमिनीत कढईसारखा खड्डा करायचा. त्यात वाळलेलं लाकूड रचायचं आणि वरून पेटवायचं. खालून नाही. जाळ वर राहतो, धूर जाळातच जळून जातो, आणि खालच्या लाकडाला हवा लागत नाही म्हणून त्याचा कोळसा होतो. थर लाल झाला की वर दुसरा थर. शेवटी सगळा खड्डा निखाऱ्यांनी भरतो, निखाऱ्यांच्या कडेला पांढरं धरायला लागतं, आणि तेव्हाच, त्याच घडीला, पाणी ओतायचं. उशीर केला की राख. बायोचारचा सगळा जीव त्या घडीत आहे.

राजनंदिनीनं छान समजावलं. खड्डा भरला. निखारे असे लालबुंद, एकसारखे, की बघत राहावं. बादल्या भरून ठेवलेल्या. साहेब कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

आता तुम्हीच सांगा, जानेवारी महिना, शिवारात शाळूची कणसं दुधावर आलेली, समोर खड्डाभर निखारे, आणि आपल्याकडची माणसं. कुणीतरी कणसं आणली. कुणीतरी चारपाच निखाऱ्यांत खुपसली. एकानं खुपसली तर दुसरा कसा गप्प बसेल? कुणाच्या तरी पिशवीतून वांगी निघाली. तिळाची चटणी, गूळ, दह्याचं गाडगं कुठून आलं देव जाणे. कडुबाभाऊ मांडी घालून कणसं चोळायला बसले आणि म्हणाले, "लई दिसांनी असा इंगळ बघितला, राव!" आमच्या ह्यांनी तर चार वाक्यांचा कोटा तिथंच संपवला, चारही हुरड्याबद्दल.

राजनंदिनी ओरडत होती, "काका, पाणी! आता पाणी टाकायचंय!" कडुबाभाऊ म्हणाले, "थांब की पोरी, हा एक घाणा होऊ दे." मग दुसरा घाणा झाला. साहेबांनाही कुणीतरी गरम हुरडा मुठीत दिला, त्यांनी खाल्ला आणि ते कॅमेरा विसरले.

सगळ्यांची पोटं भरली तेव्हा खड्ड्यात पांढरी राख होती. इतकी सुरेख राख, की शेजारच्या चंपाबाईनं भांडी घासायला टोपलीभर नेली.

जाताना साहेब राजनंदिनीला हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यात आणखी एकदा बघू. नाहीतर निर्णय घ्यावा लागेल." हे मी शेडच्या खांबाआडून ऐकलं.

ती काल संध्याकाळी ओट्यावर चढून बसली नाही.

आवडाबाई


१६ जानेवारी

द्वारकाबाई, तिळगूळ सोबत पाठवलाय.

मागच्या पत्रात मी "कुणीतरी कणसं आणली" असं लिहिलं होतं. ती मी आणली होती. आमच्याच रानातली, पदरात लपवून. वांगीही माझीच.

पण कारण ऐका. ती समजावत होती तेव्हा मी माणसांची तोंडं बघत होते. लोक कंटाळले होते. कडुबाभाऊंनी चपला पायात घातल्या होत्या. ते उठले असते तर सगळे उठले असते आणि खड्ड्यासमोर माझी सून एकटी उभी राहिली असती. मला दुसरं काही सुचलं नाही. हुरडा भाजला की माणूस बसतो, एवढं मला माहीत. कोळशाचं काय होईल ते त्या घडीला डोक्यात आलं नाही.

तिला मी तीन दिवसांनी सांगितलं. ती भांडली. खरंच भांडली, "आई, तुम्ही माझं सगळं काम घालवलं," असं तोंडावर म्हणाली. सून सासूला असं बोलते हे तुम्हाला आवडणार नाही, पण मला बरं वाटलं. परक्याशी कोण भांडतं?

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. माणसं हुरड्याला बसतात ना? मग बसू देत. पुढच्या वेळी दोन जाळ. एक आगटी हुरड्याची, तिकडं आंब्याखाली, गोवऱ्यांची. दुसरा खड्डा कोळशाचा, आणि त्याच्याभोवती दोरी. हुरडा खात खात जाळ कसा लावायचा ते बघायचं. ८ फेब्रुवारी, रविवार. आमंत्रणाला तिनं लिहिलं होतं "जमीनधारक प्रशिक्षण". मी खोडून "हुरडा" लिहिलं. तिनं खाली बारीक अक्षरात प्रशिक्षण लिहिलं. दोन दिवसांत साऱ्या गावानं होकार दिला.

सत्यमसोबत मेथीच्या दोन जुड्या दिल्या आहेत. दोऱ्यानं बांधलेली नुसत्या मातीतली. सुतळीनं बांधलेली मुरवलेल्या कोळशातली. काही सांगत नाही, तुम्ही पानं बघा.

उत्तर नाही दिलं तरी चालेल, भाजी मात्र खा.

आवडाबाई


३० जानेवारी

द्वारकाबाई,

आज हसवायला काही नाही माझ्याकडे.

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेतून तिला फोन आला. पंधरा तारखेपर्यंत कळवा म्हणाले. ती अंगणातून फोन हातात घेऊनच आत आली. मला म्हणाली, "आई, ८ तारखेलाही कडुबाकाका माझ्या आईच्या माळाचंच विचारणार. मी काय सांगू?" मला विचारून काय उपयोग? उत्तर तुमच्याकडे आहे.

तुम्हाला वाटत असेल, मी तिला इथं अडकवून ठेवतेय. तसं नाही. तिला मनापासून पुण्याला जायचं असेल तर मी स्वतः डबे भरून देईन आणि तुम्हाला दिसेल असं रडणारही नाही. पण ती हरून जाऊ नये, एवढंच वाटतं. तिला राहायचंय, हे मी तिची सासू असून सांगते. तुम्ही आई आहात. तुम्हाला तिच्या आवाजावरूनच कळत असेल.

आणखी एक. चंपाबाई म्हणाली, तिनं मंगळवारी तुमच्या माळाच्या कडेला काळ्या गॉगलवाली बाई बघितली, सोबत छत्रीवाला गडी. चंपाबाईनं हाक मारली तर दोघंही गाडीत बसून निघून गेले. प्लॉटिंगवाले असतील असं गावात बोलतात. तुम्ही माळ विकत तर नाही ना? विकायचा असेल तर निदान तिला आधी सांगा. बाहेरून कळलं तर तिला फार लागेल.

रविवारी ८ तारखेला या म्हणून लिहीत नाही. या, असं वाटतं मात्र.

आवडाबाई


९ फेब्रुवारी

द्वारकाबाई,

तुम्ही लबाड आहात!

काल तुम्ही समोर होतात, सगळं डोळ्यांनी बघितलंत, तरी मी पुन्हा लिहिणार. कारण आता मला कळलंय की माझी पत्रं तुम्ही भिशीच्या बायांना मोठ्यानं वाचून दाखवता, आणि त्या सगळ्या काल गाडीत मावल्या नव्हत्या. ज्या राहिल्या त्यांच्यासाठी हे. काय बाई तरी! मला वाटत होतं, पत्रं फ्रिजवर धूळ खातायत. आणि तुमची ती भिशीतली मोनिका गाडीतून उतरल्या उतरल्या विचारते, "वो खांबाआडून ऐकणाऱ्या आवडाबाई कौन?" मी पदर तोंडावर घेतला.

तर, राहिलेल्या बायांनो, काल असं झालं.

आंब्याखाली हुरड्याची आगटी लागली. माणसं इतकी आली की चटणी दुसऱ्यांदा कुटावी लागली. इकडं खड्ड्याभोवती दोरी आणि दोरीपाशी आमचे हे काठी घेऊन. राजनंदिनी थरावर थर टाकत होती, आणि लोक हुरड्याच्या मुठी भरून दोरीपर्यंत येऊन बघत होते, प्रश्न विचारत होते. कडुबाभाऊंनी स्वतः विचारलं, "वरून काहून पेटवायचं?" खड्डा भरला. निखारे लाल झाले. आणि नेमकी तेव्हा धूळ उडवत तुमची गाडी आली. सगळ्यांच्या माना तिकडं. राजनंदिनीचीसुद्धा. आईला बघून ती बादलीच विसरली.

द्वारकाबाईंनी गाडीचं दार उघडलं. रामराम नाही, नमस्कार नाही. गॉगल डोळ्यांवर, तिथूनच ओरडल्या, "आधी पाणी टाका! बघा, कडेला पांढरं धरायलंय!"

चारी बाजूंनी बादल्या रिकाम्या झाल्या. वाफेचा असा लोट उठला की कुणाला कुणी दिसेना. वाफ विरली तेव्हा खड्ड्यात काळा कुळकुळीत कोळसा. राजनंदिनीनं एक तुकडा दुसऱ्यावर आपटला, काचेसारखा खणकला. पुण्याहून पुन्हा आलेल्या साहेबांनी फोटो काढले. आमचे हे काठी टाकून टाळ्या वाजवायला लागले, हे मी लग्नापासून पहिल्यांदा बघितलं.

कडुबाभाऊ मात्र कडुबाभाऊच. हात झटकत पुढं आले. "बाई, आलात ते लई बरं झालं. आता सगळ्यांदेखत सांगा. तुमचा माळ देता का नाय?"

"माझा माळ नाय राहिला आता," द्वारकाबाई म्हणाल्या.

 मागून कुणीतरी म्हणालं, विकला वाटतं.  मी राजनंदिनीकडे बघितलं, तर ती खाली बघत होती, आणि मला वाटलं, झालं, संपलं.

"इकला?" कडुबाभाऊंनी विचारलं.

"बक्षीसपत्र केलं. गुरुवारी. लेकीच्या नावावर." द्वारकाबाईंनी गॉगल काढला. "माळ मी दोनदा येऊन बघून गेले. माझ्या बापानं मला दिला, मी तिला दिला. आता मला नका विचारू, भाऊ. मालकीण ती हाय, तिला विचारा."

गुरुवारी माझी सून "शहरात मीटिंग आहे" सांगून गेली होती! येताना माझ्यासाठी शहागंजातून नानखटाईही घेऊन आली, आणि मी ती खात खात तिला विचारलं, मीटिंग कशी झाली. "चांगली झाली, आई," म्हणाली. खांबाआडून ऐकणारीला एवढी मोठी गोष्ट ऐकू आली नाही. द्वारकाबाई, तुम्हा मायलेकींनी मला चांगलंच बनवलंत.

कडुबाभाऊ वळले. आजवर त्यांच्या तोंडी ती "पोरी" होती. काल म्हणाले, "मग ताई, आता कसं करायचं म्हणता?"

ती ओल्या कोळशात घोट्यापर्यंत उभी होती. म्हणाली, "उद्या सकाळी माझ्या रानातून सुरुवात करू. कोयते आपापले आणा. वेडी बाभूळ मुळासकट काढायची. आणि धावड्याच्या एकाही झाडाला हात लावायचा नाही, ते माझ्या आजोबांनी राखलेत."

"माझ्या रानातून." ह्या गावात मी सून म्हणून आले त्याला जन्म लोटला. इथल्या बाईच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. आम्ही म्हणतो, ह्यांच्या रानात, भाऊजींच्या रानात, फार तर आमच्या रानात. मला रडू आलं, आणि धुराचं निमित्त सांगावं तर तिच्या खड्ड्याला मेला धूरच नाही.

तुम्ही माझ्याजवळ आलात. मला वाटलं, आता माफी मागणार. तुम्ही म्हणालात, "मी दिवाळीला बोलले ते काय मागं घेत नाय. कोळसेवालीच झालीय ती. पण जमीनवाली कोळसेवाली." आणि माझ्या हातातला हुरडा घेऊन तोंडात टाकलात.

आज सकाळी माळावर पहिला कोयता कडुबाभाऊंचा पडला. वीसेक माणसं होती. पुण्याला तिनं काय कळवलं ते तुम्हाला तिनं सांगितलंच असेल. ओटा पुन्हा भरलाय.

आता एक खाजगी गोष्ट. इथून पुढचं भिशीत वाचू नका.

काल सगळे गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "अहो, ह्या घरात माझ्या नावावर काय आहे?" त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "गॅसचं कनेक्शन."  ताटं घासली, दिवा लावला, जेवायला वाढलं. हे गप्प. त्यात नवीन काही नव्हतं.

आज सकाळी दाढी करता करता आरशात बघूनच विचारतात, "तुझं आधार कार्ड कुठं ठेवलंय गं?"

"कशाला?"

"तो विहिरीकडचा तुकडा. तुझ्या नावावर करून टाकू."

आणि गाल घासत बसले. द्वारकाबाई, मी परसात जाऊन कुणाला न दिसता उड्या मारल्या. ह्या वयात. गुडघा अजून दुखतोय.

सत्यम म्हणतो, दोन फोटो लागतील. मी पेटी उपसली. माझे ढीगभर फोटो निघाले, पण सगळे अंगणवाडीतले, आणि प्रत्येकात कुणाचं ना कुणाचं बाळ माझ्या कडेवर आहे. माझा एकटीचा एकही नाही. म्हणून गुरुवारी शहरात येते. बरा फोटो कुठं काढतात ते बघून ठेवा, आणि माझ्यासोबत चला.

तुमची विहीण,
आवडाबाई